काढायचे तर विचारून काढा



आमच्या घरी देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला काचेची एक चौकट टांगलेली आहे. घरी नवा पाहुणा आला की त्याला वाटते, कुणा देवाचा किंवा आजोबांचा फोटो असेल. जवळ जाऊन पाहिले की कळते, हा तर साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला! कागद पिवळा पडला आहे, एका कोपऱ्याला कसर लागली आहे. पण आमच्या आबांचे नाव आणि सभासद क्रमांक अजून स्वच्छ वाचता येतो.

हा शेअर घेण्यासाठी आबांनी घरचे एक खोंड विकले होते. आईच्या मनातून ते विकायचे नव्हते. "खोंड औताला लागंल, कागुद काय कामाचा?" असे ती म्हणाली होती. आबा एवढेच म्हणाले, "कारखाना आपला व्हनार हाय."

'आपला' हा शब्द त्या पिढीने फार मनापासून घेतला होता. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. ते पाहून गावोगावच्या शेतकऱ्यांनी खोंडे विकली, डाग मोडले आणि शेअर घेतले. सहकाराचा कायदाही मोठा समंजस. एकाचे शेअर कितीही असोत, मत एकच. वीस एकराच्या बागायतदाराला एक मत, वीस गुंठ्यांच्या धन्यालाही एकच.

पण वाचकहो, मत एकच असले तरी ते मत ज्या नावावर असते, ते नाव वहीत राहिले पाहिजे. आमच्या आबांचे नाव एके दिवशी वहीतून गेले. ते कसे गेले, परत कसे आले आणि त्यातून मी स्वतः काय शिकलो, ते आज तुमच्यापुढे मांडतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. नाव सांगून आता कुणाचे भले होणार नाही, आणि असे प्रकार काही एकाच ठिकाणी घडतात असेही नाही.

१९९४ सालची दिवाळी जवळ आली होती. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नुकताच लागलो होतो आणि सणाला घरी आलो होतो. दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दराने साखर मिळते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आबा पिशवी घेऊन गट ऑफिसला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "यादीत नाव न्हाई म्हनत्यात."

मला वाटले, कारकुनाची चूक असेल. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कारखान्यावर गेलो. शेअर विभागातल्या माणसाने वही उघडली, बोट फिरवले आणि मान वर न करता सांगितले, "संचालक मंडळाने ठराव करून नाव कमी केलंय. पोटनियमाचा भंग. गुऱ्हाळाला ऊस घातला तुमच्या वडिलांनी."

आता खरे सांगायचे तर आबांनी ऊस घातला होता. आदल्या हंगामात आमच्या खोडव्याची तोड मे महिना उजाडला तरी आली नव्हती. उसाला तुरा आला, पाचट वाळून खडखडू लागली. आबांनी चिटबॉयच्या दारी किती खेपा घातल्या त्याची गणती नाही. शेवटी अर्ध्या एकरातला ऊस शेजारच्या गुऱ्हाळाला घालून ते मोकळे झाले. नोंदलेला ऊस कारखान्यालाच द्यायचा, असा पोटनियम होता. तो मोडला, ही गोष्ट नाकारता येत नव्हती.

पण आणखीही एक गोष्ट होती. त्याआधीच्या वार्षिक सभेत आबांनी उभे राहून विचारले होते की, उसाच्या बिलातून बिनपरतीची ठेव म्हणून जी कपात होते तिचा हिशेब सभासदाला कधी दाखवणार? प्रश्न साधा होता. सभेत थोडी कुजबुज झाली, व्यासपीठावरून "पुढे बघू" असे उत्तर आले आणि सभा संपली. गुऱ्हाळाला ऊस त्या साली गावातल्या आणखी बऱ्याच जणांनी घातला होता. नावे मात्र निवडक लोकांचीच गेली.

मी तरुण होतो, रक्त गरम होते. रात्रभर मनात भाषणे करत होतो. तोड वेळेवर का आली नाही? बाकीच्यांची नावे का राहिली? कपातीचा हिशेब कुठे आहे? सकाळी आबांना म्हणालो, "मी कलेक्टरकडे जातो, पेपरात देतो." आबा म्हणाले, "तू सरकारी नोकरीत हाईस. जरा दमानं." त्यांच्या बोलण्यामागे कारण होते. एका संचालकाने त्यांना बाजाराच्या दिवशी गाठून सहज म्हणून सुनावले होते, "तुमचं पोरगं आत्ताच नोकरीला लागलंय नव्हं?" आबांनी ते मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितले.

तालुक्याच्या गावी सहकार खात्यातून निवृत्त झालेले एक लेखापरीक्षक राहत. सारे त्यांना अण्णा म्हणत. मी त्यांच्याकडे गेलो आणि माझी सगळी कैफियत एका दमात सांगितली. अण्णा सुपारी कातरत ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी विचारले, "वडिलांनी गुऱ्हाळाला ऊस घातला का?"

"घातला. पण—"

"मग तो 'पण' सध्या खिशात ठेव. मी विचारतो तेवढेच सांग. वडिलांना लेखी नोटीस आली होती?"

"नाही."

"सर्वसाधारण सभेपुढे विषय आला होता?"

"नाही."

"सभेत त्यांना उभे राहून आपले म्हणणे सांगू दिले?"

"सभाच झाली नाही, तर सांगणार कुठे?"

"निबंधकांची मंजुरी आली?"

"मला माहीत नाही."

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "तू भांडायला निघालास ते वडील बरोबर की चूक यावर. त्या मैदानात तू हरशील, कारण ऊस गुऱ्हाळाला गेलाच आहे. कायदा आधी वेगळेच विचारतो. माणसाला काढताना तुम्ही काय काय केले? तिथून सुरुवात कर."

मग त्यांनी मला कायदा समजावून दिला. तो आजही तसाच आहे, म्हणून तुम्हालाही सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याचे कलम ३५ सभासदाला संस्थेतून काढून टाकण्याबद्दल आहे. संस्थेच्या हिताला बाधा आणणाऱ्या सभासदाला काढता येते, हे कायद्याला मान्य आहे. पण ते काम संचालक मंडळाचे नव्हे, सर्वसाधारण सभेचे. सभेला हजर असलेल्या आणि मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश लोकांनी ठरावाच्या बाजूने मत दिले पाहिजे. ज्याला काढायचे त्याला सभेपुढे म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. ती दिली नाही तर ठरावच वैध नाही. १९६१ च्या नियमांप्रमाणे नोटीस आणि सभा यांच्यात किमान एक महिना गेला पाहिजे, म्हणजे माणसाला कागदपत्र गोळा करायला वेळ मिळतो. आणि इतके सारे झाल्यावरही निबंधकांनी मंजुरी दिल्याशिवाय ठराव अमलात येत नाही.

सभासद वारला, त्याने राजीनामा दिला किंवा सगळे शेअर दुसऱ्याच्या नावे केले, तर त्याचे सभासदत्व आपोआप संपते आणि वहीतून नाव कमी करणे हे केवळ लिखापढीचे काम उरते. ती गोष्ट वेगळी. जिवंत, शेती करणाऱ्या, शेअर बाळगून असलेल्या माणसाला दोष ठेवून काढणे वेगळे. आबांच्या बाबतीत दुसरी गोष्ट पहिलीच्या पोटात लपवली होती.

अण्णांनी सांगितले तसा मी पहिला अर्ज केला. त्यात तक्रार नव्हती, आरोप नव्हता. कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेचे पोटनियम, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराची पाने कार्यालयात जाऊन फुकट पाहता येतात. लेखी मागणी करून ठरलेली फी भरली, तर एक महिन्याच्या आत नक्कल मिळाली पाहिजे. अर्जावर सही आबांची होती, कारण हक्क त्यांचा होता. मी फक्त अक्षर काढले. अर्ज दिला तेव्हा आवकच्या कारकुनाने तो नुसता ठेवून घेतला. आबा तिथेच उभे राहिले. "पोच द्या," म्हणाले. अर्धा तास उभे होते. शेवटी दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडला. वाचकहो, त्या शिक्क्याने पुढे फार कामे केली.

नक्कल मिळाली ती एका पानाची. संचालक मंडळाच्या बैठकीत सतरा सभासदांची नावे एकाच ठरावात कमी केली होती. कोणाचा काय दोष, कोणाला काय विचारले, कोण काय म्हणाले, यातले काही नव्हते. सतरा घरांची खोंडे आणि सतरा घरांचे डाग त्या तीन ओळींत गेले होते.

ती नक्कल जोडून आम्ही निबंधकांचे अधिकार असलेल्या साखर खात्याच्या कार्यालयात अर्ज केला. तारखा पडत गेल्या. एस.टी.ने जायचे, दुपारपर्यंत बाकावर बसायचे, पुढची तारीख घेऊन यायचे. दरम्यान कारखान्याची निवडणूक आली आणि गेली. आबांना मत देता आले नाही. शेअर घेतल्यापासून त्यांनी एकही मतदान चुकवले नव्हते. त्या दिवशी ते सकाळीच मळ्यात गेले आणि अंधार पडल्यावर परत आले. आईने काही विचारले नाही.

सुनावणीच्या दिवशी कारखान्याच्या वकिलांनी सांगितले की नोटिसा पाठवल्या होत्या, ही बघा जावक वही. अधिकाऱ्यांनी विचारले, "टपालाची पावती? पोचपावती?" ती नव्हती. मग वकील म्हणाले, "साहेब, सभासद स्वतःच कबूल करतो आहे की ऊस बाहेर घातला. नोटीस दिली असती तरी निकाल काय वेगळा लागला असता?"

हा युक्तिवाद फार जुना आहे आणि ऐकताना खराही वाटतो. चोर कबूल आहे, मग विचारायचे कशाला? पण १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे नवी दिल्लीच्या नगरपालिकेचे प्रकरण आले होते, एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन हे. तिथली समिती तिचे म्हणणे न ऐकताच बरखास्त केली होती. ऐकून घेतले असते तरी काय फरक पडला असता, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. ऐकून न घेणे हेच त्या माणसाचे नुकसान आहे. आणखी वेगळे नुकसान दाखवण्याची गरज नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कोर्टकचेरीच्या भाषेत याला नैसर्गिक न्यायाचे तत्त्व म्हणतात. आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर एका बाजूचे ऐकून निवाडा करू नये, आणि फिर्यादीनेच न्यायाधीश होऊ नये.

अखेर, त्या दिवाळीनंतर चौदा महिन्यांनी, आदेश निघाला. संचालक मंडळाचा ठराव कायद्याला धरून नाही, नाव पूर्ववत करावे. कारखान्याला कारवाई करायचीच असेल तर कायद्याच्या मार्गाने करावी.

मी पेढे आणले. आबांनी पेढा हातात घेतला आणि म्हणाले, "आजून झालं न्हाई. आता नोटीस येऊ दे."

आणि नोटीस आली. रजिस्टर पोस्टाने, तारीख-वार घालून, दोषारोप लिहून आली. मला राग आला. आबांना बरे वाटले. ते म्हणाले, "आता कसं! म्होरं येऊन बोलत्यात."

त्या वर्षीची सर्वसाधारण सभा मला अजून आठवते. कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. आबांचे नाव पुकारले गेले. ते धोतराचा सोगा सावरत ध्वनिक्षेपकापाशी गेले. पाच मिनिटेसुद्धा बोलले नसतील. ऊस गुऱ्हाळाला घातला हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले. मग तोडीसाठी कोणत्या तारखांना गेलो ते सांगितले. त्या तारखा त्यांनी पंचांगाच्या कडेला लिहून ठेवल्या होत्या. शेवटी म्हणाले, "चूक माझी हाय तेवढी माझ्या पदरात घाला. पर कारखान्याची चूक हाय ती बी कुनीतरी पदरात घ्या. तुम्ही काढलं तर मी जाईन. हितं सगळ्यांम्होरं काढा, म्हंजी मला बी कळंल."

ठरावाला तीन चतुर्थांश मते मिळाली नाहीत. आबा सभासद राहिले. पण एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याच सभेत दुसऱ्या एका सभासदाला काढण्याचा ठराव मंजूर झाला. त्याने सलग तीन हंगाम आपला ऊस दुसऱ्या कारखान्याला घातला होता आणि विचारल्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच्याबद्दल गावात कुणी हळहळले नाही, की संचालकांना बोल लावला नाही. रीतसर काढलेल्या माणसाबद्दल कुरकुर उरत नाही. म्हणजे ही रीत सभासदाचे जेवढे रक्षण करते, तेवढेच संस्थेचेही करते.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला गोड आहे, कारण तिच्यात आमच्यावर अन्याय झाला होता. पण मला खरा धडा मिळाला तो पुढे पंचवीस वर्षांनी, जेव्हा दुसऱ्याचे नाव कमी करण्याची लेखणी माझ्याच हातात आली.

आता आपल्या भागांत शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या आहेत. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांची सोय झाली आणि २०२० च्या दुरुस्तीने ती तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्यात आली. आपल्यापैकी अनेकांनी हजार-दोन हजारांचे शेअर घेतले असतील. मी कामाला होतो त्या कोरडवाहू भागात अशीच एक सोयाबीनची कंपनी होती. संचालक सारे शेतकरी, मने चांगली, पण कागदाचा कंटाळा. म्हणून बैठकीला मला बोलवीत आणि इतिवृत्त मी लिहून देई.

२०२१ च्या हंगामातली गोष्ट. एका भागधारकाने कंपनीकडून उधारीवर बियाणे नेले आणि माल आला तेव्हा तो खासगी व्यापाऱ्याला विकला. मारुतीच्या देवळात बैठक बसली. सगळे चिडलेले. एक जण म्हणाला, "खातो आपलं आणि गातो दुसऱ्याचं. साहेब, लिहा. त्याचा शेअर दर्शनी किमतीला परत, आणि उद्यापासून त्याचा संबंध नाही." दुसरा म्हणाला, "नियमावलीत कलम आहेच."

कलम होते. आणि खरे सांगू का, तो माणूस मलाही आवडत नसे. तोंडाचा फटकळ होता. शिवारफेरीत मला चारचौघांत उलटे प्रश्न विचारी. मी वही उघडली, तारीख घातली, 'ठराव क्रमांक' असे लिहिले. आणि माझ्याच अक्षराकडे पाहता पाहता मला ते जुने पान आठवले. सतरा नावे, तीन ओळी. ते पान लिहिणारा कारकूनही काही दुष्ट नसेल. त्यालाही असेच कुणीतरी "लिहा" म्हटले असेल.

मी लेखणी खाली ठेवली. संचालकांना म्हणालो, "त्याला विचारले का?" एक जण म्हणाला, "विचारायचं काय त्यात? माल व्यापाऱ्याकडं गेलेला सगळ्या गावानं बघितलाय." म्हणजे तोच जुना युक्तिवाद. मी सांगितले की कायदाही तुम्हाला हे करू देत नाही. उत्पादक कंपनीतला भागधारक शेतकरी राहिला नाही किंवा नियमावलीतली पात्रता त्याने गमावली, तर शेअर परत घेण्याचा आदेश संचालक मंडळ देऊ शकते. पण आधी लेखी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय तसा आदेश देता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. नाइलाजाने पंधरा दिवसांची नोटीस काढायचे ठरले. काही जण माझ्यावरही नाराज झाले.

तो आला. सोबत एक चिठ्ठी घेऊन आला. आपल्याच संकलन केंद्राची चिठ्ठी होती ती. त्याने आधी माल आपल्याकडेच आणला होता. ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. यंत्राने चौदाच्या जवळ दाखवला आणि माल परत पाठवला. वाहनाचे भाडे अंगावर पडले. त्याच दिवशी दुसऱ्या एका यंत्रावर तोच माल बारामध्ये बसला, तो त्याने तिथेच घातला. "मी काय माल घरी परत न्यायला हवा होता काय?" असे त्याने त्याच्या नेहमीच्या फटकळ सुरात विचारले. बियाण्याची उधारी राहिली हे त्याने कबूल केले.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे यंत्र बाजार समितीतल्या यंत्राशी ताडून पाहिले. आमचे यंत्र जवळजवळ दोन टक्के जास्त दाखवत होते. त्या हंगामात किती जणांचा माल आम्ही असा परत पाठवला होता, कोण जाणे! बाकीचे मुकाट्याने गेले. हा फटकळ होता म्हणून त्याची बैठक झाली, आणि बैठक झाली म्हणून आमचा काटा दुरुस्त झाला. त्याने उधारी भरली, आम्ही त्याला भाड्याचे पैसे दिले. तो अजून भागधारक आहे, आणि अजून फटकळही आहे.

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. त्याला विचारले नसते तर मी माझ्या हाताने, माझ्या सुबक अक्षरात, एका निरपराध माणसाचे नाव कमी केले असते आणि सदोष यंत्र तसेच चालू ठेवले असते. आबांवर अन्याय करणारे लोक मला इतकी वर्षे परके वाटत होते. त्यांच्यात आणि माझ्यात त्या दिवशी एका सहीचेच अंतर होते.

बंधू-भगिनींनो, आता चार कामाच्या गोष्टी सांगून आटोपतो.

पहिली गोष्ट: शेअरचा दाखला, पावत्या, तोडीच्या आणि वजनाच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा. तारखा पंचांगाच्या कडेला लिहिल्या तरी चालतील, पण लिहा.

दुसरी: संस्थेला काहीही सांगायचे ते लेखी सांगा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. टपालाने पाठवले तर पोचल्याचा पुरावा ठेवा. पोच मागताना लाजू नका.

तिसरी: नाव कमी झाल्याचे कळले की आरडाओरडा करण्याआधी इतिवृत्त आणि नोंदवही पाहायला मागा. नोटीस, सभा, म्हणणे मांडण्याची संधी, निबंधकांची मंजुरी, हे चार प्रश्न अण्णांनी मला विचारले, तेच तुम्ही विचारा. सहकारी संस्थेतले वाद निबंधकांकडे किंवा कलम ९१ प्रमाणे सहकार न्यायालयात जातात. उत्पादक कंपनीतला वाद सलोख्याने किंवा लवादाने मिटवण्याची तरतूद कायद्यात आहे. कोणत्याही दारी जायचे तर मुदत असते, म्हणून दिवाळी होऊन जाऊ दे, पेरणी होऊन जाऊ दे, असे करत बसू नका. जाणत्या माणसाचा किंवा वकिलाचा सल्ला लवकर घ्या.

चौथी गोष्ट तुमच्यापैकी जे संचालक आहेत, पंच आहेत, बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, त्यांच्यासाठी. एखाद्याचा दोष अगदी उघड दिसत असेल, तेव्हाच त्याला विचारायचा कंटाळा येतो. तेव्हाच विचारा.

आबा २००८ साली गेले. त्यांनी शेअरला वारस म्हणून आईचे नाव आधीच लावून ठेवले होते, त्यामुळे शेअर तिच्या नावावर व्हायला फारसा त्रास झाला नाही. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला पोस्टमन आला आणि त्याने आईच्या नावाने हाक मारली. कारखान्याच्या वार्षिक सभेची नोटीस होती, अहवालासकट. आईला अक्षरे जेमतेम लागतात. तिने पाकिटावरच्या नावावर बोट ठेवून मला विचारले, "हे माझंच नाव हाय नव्हं?"

"तुझंच," मी म्हणालो.

तिच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिच्या स्वतःच्या नावाने आलेले ते पहिले पत्र होते. तिने ते वाचून घेतले, सभेची तारीख दोनदा विचारली, आणि पाकीट त्या चौकटीच्या मागे नीट खोचून ठेवले. सभेच्या दिवशी ती नवे लुगडे नेसून सकाळी आठलाच तयार होती. खोंड विकल्याची गोष्ट त्यानंतर तिने कधी काढली नाही.